दोन नंबरची गोलकीपर

अमेरिकेतल्या आमच्या गावात बायकांचा व्यावसायिक फुटबॉल क्लब आहे, हे इथल्या मराठी लोकांना दोन वर्षं माहीतच नव्हतं. कळलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो पार्किंग फुकट आहे का, हा. दुसरा प्रश्न इथल्या मराठी मंडळाच्या खजिनदारांनी विचारला. "प्रोफेशनल म्हणजे? पगार मिळतो त्यांना?" मी म्हटलं, मिळतो. "कशाचा?" हे गृहस्थ पंधरा वर्षं एका विमा कंपनीत बसून मीटिंगा ठरवण्यासाठी मीटिंगा घेतात. त्यांना कशाचा पगार मिळतो, हे मी सौजन्य म्हणून कधी विचारलेलं नाही.

क्लबशी माझा संबंध आला तो ऑफिसातल्या एका ईमेलमुळे. आमची कंपनी क्लबच्या प्रायोजकांपैकी एक, म्हणजे खेळाडूंच्या बाहीवर आमचा लोगो. ईमेलमध्ये लिहिलं होतं की क्लबला 'होस्ट फॅमिली' हव्या आहेत. ज्यांच्या घरी खोली रिकामी आहे त्यांनी एका खेळाडूला सीझनभर ठेवून घ्यायचं. बदल्यात मॅचची दोन तिकिटं आणि गाडीला लावायला एक स्टिकर. क्लबच्या मालकाने या गावातल्या अर्ध्या बिल्डिंगा बांधल्यात. त्याच्या खेळाडूंना राहायला मात्र लोकांच्या बेसमेंटमध्ये जागा शोधावी लागत होती.

आमची मुलगी कॉलेजला लांब गेली होती. घरात आम्ही दोघं आणि डिशवॉशर, आणि तिघांत जास्त बोलका डिशवॉशर. मी नवऱ्याला ईमेल वाचून दाखवला. तो म्हणाला, "उघड आता धर्मशाळा." म्हणून मी फॉर्म भरला. "बघू, विचार करू" म्हणाला असता तर भरला नसता.

घर बघायला क्लबकडून एक चोवीस-पंचवीस वर्षांची कोऑर्डिनेटर आली. हातात टॅब्लेट, चेहऱ्यावर न उतरणारं हसू. खोली पाहिली, बाथरूम पाहिलं, मग स्वयंपाकघरात उभी राहून तिने हवेत नाक जरासं उचललं आणि विचारलं, "घरात काही उग्र वास वगैरे असतात का?"

"आम्ही जेवतो," मी म्हटलं.

ती हसली आणि टॅब्लेटवर काहीतरी टाइप केलं. काय टाइप केलं ते देव जाणे, पण आमचं घर पास झालं. बहुधा बाकी कुणी फॉर्म भरलाच नसेल.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वाट्याची खेळाडू आली. काच तडकलेला जुना पिकअप ट्रक, मागे दोन भल्यामोठ्या बॅगा. सव्वीस वर्षांची, सहा फूट उंच, आणि हात असे की तिने माझ्या हातातलं पातेलं घेतलं तेव्हा ते वाटीसारखं दिसायला लागलं. डाव्या हाताची करंगळी कधीतरी मोडून वाकडीच जुळली होती. नेब्रास्कातल्या ज्या गावाची ती, तिथे जेवढी वस्ती त्याहून जास्त माणसं आमच्या मंडळाच्या गणपतीला जेवून जातात. वडील धान्याचा ट्रक चालवायचे, आई शाळेच्या किचनमध्ये कामाला.

पहिल्या दिवशी जेवताना नवऱ्याने चौकशी केली. ती म्हणाली, "गोलकीपर. दोन नंबरची."

"म्हणजे?"

"टीमला गोलकीपर लागते एकच. ती खेळते. मी बाकावर बसते."

"आणि आठवडाभर?"

"आठवडाभर तिच्याएवढीच प्रॅक्टिस करते. मॅचच्या आधी तिला चेंडू मारून तिचा सराव करून घेते. तिला काही झालं तर मी."

नवरा माझ्याकडे वळून गंभीरपणे मराठीत म्हणाला, "स्टेपनी."

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. तिने विचारलं, ते काय म्हणाले? मी सांगितलं, म्हणतात की जबाबदारीचं काम आहे. तिने मान डोलावली. "हो, पण कुणाला कळत नाही ते," म्हणाली. मला शरम वाटायला हवी होती. थोडी वाटलीही, पण हसू जास्त येत होतं.

महिनाभरात घराला तिची सवय झाली. सकाळी सहा अंडी. आमच्याकडे अंडं घरात शिजत नसे, बाहेरच्या ग्रिलवर व्हायचं, आणि तेही सासूबाई भारतात असताना. तिला ग्रिलपाशी थंडीत कुडकुडत उभं राहून ऑम्लेट करताना दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्यानेच तवा आत आणला. शेजारची मुलं मला काकू म्हणायची, तीही काकू म्हणायला लागली, शेवटच्या 'कू'वर उगाच जोर देऊन. संध्याकाळी ती गावातल्या मुलींना गोलकीपिंग शिकवायला जायची. प्रोफेशनल खेळाडूला हे का करावं लागतं, असं मी विचारलं नाही, कारण उत्तर कळण्याइतकी अक्कल मला होती.

तिच्या ग्लोव्ह्जचा वास मात्र खरोखर उग्र होता. रोज लहान मुलांच्या शाम्पूने धुवायची आणि गराजमध्ये दोरीवर वाळत घालायची. तरी गराजचं दार उघडलं की ओल्या कुत्र्यासारखा भपकारा यायचा. त्या टॅब्लेटवालीला बोलावून एकदा नाक उचलायला लावावं, असं मला फार वाटे.

स्टेडियम एका कॉलेजचं, भाड्याने घेतलेलं. बाहेरच्या भिंतीवर माणसाहून उंच अक्षरांत लिहिलं होतं की इथे मुलींची स्वप्नं घडतात. त्या भिंतीच्या मागे एक कंटेनरची खोली होती. कॉलेजच्या मुलांचं काही चालू असलं की क्लबच्या खेळाडू त्या खोलीत कपडे बदलत. हे मला तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. कंटेनरमध्ये हीटर चांगला आहे, असं ती कौतुकाने सांगत होती.

एप्रिलमध्ये आमच्याकडे मंडळाचं पॉटलक झालं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचं जेवण. घरात अशी मुलगी राहते म्हटल्यावर सगळे तिला बघायला आले, बघण्याचा कार्यक्रम असावा तसे. एका काकूंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि मला मराठीत विचारलं, "लग्नाचं काय? आईवडील काही म्हणत नाहीत?" दुसरीने तिच्या नाकावरची सोललेली कातडी दाखवून सांगितलं, "म्हणून मी आमच्या हिला उन्हात पाठवत नाही गं." मंडळाचे अध्यक्ष इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलकडून कधीतरी एक मॅच गोलमध्ये उभे राहिले होते. ते प्लेटमधली भजी हलवत तिला वीस मिनिटं डाइव्ह कशी मारायची हे समजावत राहिले. "अँगल कमी करायचा, अँगल," ते म्हणाले आणि सोफ्यासमोर दोन पावलं पुढे येऊन त्यांनी अँगल कमी करून दाखवला. चटणी कार्पेटवर सांडली.

"गुड पॉइंट, सर," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

मग आयांचं सुरू झालं. प्रत्येकीची मुलगी सॉकर खेळलेली होती. प्रत्येकीने शनिवारी सकाळी घडीच्या खुर्च्या टाकून मैदानाकडेला कॉफी प्यायली होती. आणि प्रत्येकीच्या गोष्टीचा शेवट एकच. "आठवीपर्यंत ठीक होतं. मग म्हटलं, आता बस. आता सिरियस व्हायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. समोर सहा फुटांची एक मुलगी हातात वरणभाताची वाटी घेऊन बसली होती, ती आयुष्यात याहून सिरियस काही करत नव्हती, आणि हे एकीच्याही ध्यानात आलं नाही.

मी मनातल्या मनात सगळ्यांना हसून घेतलं. बायका गेल्यावर भांडी घासतानाही हसत होते. फार शहाणी होते ना मी.

जूनमध्ये आमची मुलगी सुट्टीला घरी आली. दोघींचं दुसऱ्याच दिवशी जमलं. आमची मुलगी घरात इंग्रजीतच बोलते, आम्ही मराठीत, आणि मध्ये कुठेतरी निरोप पोहोचतो. आता तिला बरोबरीची मिळाली होती. एका संध्याकाळी आमची गोलकीपर गराजमधून आली ती हातात लहान मुलाचे जुने ग्लोव्ह्ज घेऊन. दोरी बांधायला खिळा शोधताना खोक्यात सापडले म्हणाली. "हे कुणाचे? चांगल्यातले आहेत. वापरलेत पण भरपूर."

"माझे," मुलगी म्हणाली. "मी गोली होते. चार वर्षं."

"मग सोडलं का?"

मी घाईने म्हटलं, "तिचा इंटरेस्ट गेला. अभ्यास वाढला ना."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, एखाद्या ओळखीच्या माणसाची जुनी खोड बघावी तसं. मग ती गोलकीपरकडे वळून म्हणाली, "आईने माझ्या कोचला सांगितलं की आम्ही इंडियाला परत चाललोय. कायमचे."

नवरा फ्रिजमध्ये डोकं घालून काहीतरी शोधायला लागला. त्यालाही हे माहीत नव्हतं.

खरं होतं ते. मुलगी तेरा वर्षांची होती. गणिताच्या स्पर्धेचे क्लास शनिवारी, मॅचही शनिवारी. कोच चांगली बाई होती. थांबू नका, पोरीत दम आहे, असं दोनदा फोन करून म्हणाली. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा तिला नाही म्हणायला माझ्याकडे शब्द नव्हते, म्हणून मी सांगितलं की आम्ही भारतात परत जातोय. बाई रडवेली झाली. टीमने मुलीसाठी सह्या केलेला एक चेंडू पाठवला. तो मी बेसमेंटमध्ये कपाटाच्या मागे ठेवला.

"शाळेत सगळ्या विचारायच्या, व्हेन आर यू मूव्हिंग?" मुलगी म्हणाली. "दोन वर्षं. मग त्यांना कळलं. मग कुणी विचारलं नाही."

"मला वाटलं नव्हतं..." मी सुरुवात केली.

"इट्स फाइन, आई. मला आता काही वाटत नाही."

हे तिने इतकं सहज म्हटलं की मला त्याचंच जास्त लागलं. आमची गोलकीपर ते छोटे ग्लोव्ह्ज उलटसुलट करून बघत होती. तिने एवढंच विचारलं, "उंच चेंडूला पुढे यायचीस की लाइनवर राहायचीस?" मुलगी म्हणाली, पुढे यायचे. "गुड," ती म्हणाली, आणि दोघी मागच्या अंगणात गेल्या. मी खिडकीतून बघत राहिले. आमच्या मुलीने सात वर्षांनी एक चेंडू अडवला, आडवी पडून, चांगली जीन्स घालून. पॉटलकला बसलेल्या ज्या बायांना मी हसले होते, त्यांच्यातल्या एकीनेही कोचशी खोटं बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या निदान तोंडावर 'आता बस' म्हणाल्या होत्या.

मुलगी ऑगस्टमध्ये परत गेली. त्याच सुमारास क्लबला सुचलं की एक मॅच भारतीय लोकांसाठी म्हणून करावी. तिकिटं विकली जात नव्हती. गावात भारतीय भरपूर, आणि त्यांच्याकडे मुलीही भरपूर. मार्केटिंगच्या माणसाने मंडळाला ईमेल केला की मध्यंतरात 'बॉलिवूड आणि रंग' असं काहीतरी करा. मंडळाने कळवलं, आम्ही लेझीम करू. त्याने विचारलं, लेझीममध्ये रंग उडवतात का? नाही म्हटल्यावर त्याला बरं वाटलं, कारण मैदानावर रंग सांडला तर कॉलेज दंड लावतं, हे त्याला मागाहून कळलं होतं.

मग मंडळात तीन आठवडे वाद झाला. मॅच कुणाशी आहे, टीम कितव्या नंबरवर आहे, यावर नाही. मालकाच्या शेजारी फोटोत कोण उभं राहणार, यावर. आजी-माजी अध्यक्षांत बोलणं बंद झालं. शेवटी दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं ठरलं.

मॅचच्या दिवशी तीनशे मराठी माणसं आली. नऊवाऱ्या, फेटे, लहान पोरींच्या नथी. आमचा ब्लॉक गोलपोस्टच्या मागेच होता. आम्ही जाऊन बसलो आणि पाहतो तर मैदानावर सराव करणाऱ्या खेळाडूंची धावपळ चाललेली. पहिली गोलकीपर खाली बसली होती, मांडी धरून. डॉक्टर तिच्याभोवती. दोन मिनिटांनी तिला आधार देऊन आत नेलं, आणि आमचीने अंगातलं जाकीट काढून बाकावर टाकलं.

नवऱ्याने माझा दंड पकडला. "आपली उतरतेय."

स्टेपनी वगैरे तो विसरला होता.

मी आजूबाजूच्यांना सांगायला लागले, ती बघा, आमच्याकडे राहते ती, आज खेळतेय. "हो का? वा वा," एक काकू म्हणाल्या आणि मला सेफ्टी पिन मागितली. पहिल्या पंचेचाळीस मिनिटांत आमचीने दोन गोल वाचवले. एकदा तर सगळी आडवी पसरून बोटांच्या टोकाने चेंडू बाहेर ढकलला, आमच्यापासून वीस फुटांवर. त्या वेळी आमच्या ब्लॉकमध्ये फेट्याचे शेमले सारखे करणं चालू होतं. दोघं ओरडलो, मी आणि नवरा. बाकीच्यांनी काय झालं म्हणून आमच्याकडे पाहिलं, मैदानाकडे नाही.

मध्यंतर झालं. लेझीम चांगली झाली, ते कबूल करायला हवं. पोरी मन लावून नाचल्या. मालक खाली आला, दोन्ही अध्यक्षांच्या मध्ये उभा राहिला आणि माइकवरून म्हणाला की हा क्लब म्हणजे एक कुटुंब आहे, आणि त्याला आपलं जेवण फार आवडतं. टाळ्या पडल्या. फोटो झाले.

आणि मग सगळे उठले. पार्किंगमध्ये पावभाजीचा ट्रक बोलावला होता, आणि उशीर झाला तर पाव गार होतात. दहा मिनिटांत तीनशे माणसांचा ब्लॉक रिकामा झाला. मी एका बाईला विचारलं, "अजून अर्धी मॅच आहे ना?" ती म्हणाली, "हो, पण मुलींचं झालं ना."

मुलींचं झालं होतं. मैदानावर बावीस जणी होत्या त्या कोण, देव जाणे.

आम्ही दोघं रिकाम्या खुर्च्यांत बसून राहिलो. बाजू बदलून ती आता पलीकडच्या गोलमध्ये गेली होती, तरी माणसं गेल्यावर मैदानातलं सगळं ऐकू यायला लागलं. तिचा आवाज मी घरात कधी असा ऐकला नव्हता, खणखणीत, हुकमी. पुढच्या मुलींना ती नावाने हाका मारून जागा बदलायला लावत होती, आणि त्या बदलत होत्या. सहा महिने बाकावर बसून तिने प्रत्येकीचा खेळ पाठ केला होता. साठाव्या मिनिटाला समोरच्यांनी एक गोल केला. त्यात तिचा दोष नव्हता. आमच्या टीमने तो फेडला. आणि शेवटी शेवटी एक साधा सरपटी चेंडू आला, कुणीही धरावा असा. तिने दोन्ही हात खाली नेले आणि तो तिच्या पोटाखालून निसटून हळूहळू आत गेला.

नवरा उभा राहून ओरडत होता, "धर! धर गं!" त्या रिकाम्या ब्लॉकमधून ते तिला ऐकू गेलं असणार. ती क्षणभर तशीच पडून राहिली, मग उठून तिने चेंडू मध्याकडे मारला. दोन-एकने हरलो.

घरी आल्यावर ती टेबलाशी येऊन बसली. नवऱ्याने न सांगता तवा ठेवला आणि अंडी फोडली. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "तो माझाच होता."

"हो," नवरा म्हणाला. "तुझाच होता. पण आधीचे दोन? ते दुसरी कुणी असती तर गेले असते."

ती पहिल्यांदा हसली. मला हे सुचलं नसतं. मी गवत ओलं होतं, सूर्य डोळ्यांत होता असलं काहीतरी बोलणार होते.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर एकशे चाळीस फोटो आले. मालक आणि अध्यक्ष, मालक आणि माजी अध्यक्ष, पावभाजी, फेटे, पावभाजी आणि फेटे. एकाही फोटोत खेळाडू नव्हती. आणि फोटोंच्या खाली अध्यक्षांचा मेसेज: "छान मॅच! गोलकीपर जरा वीक वाटली. अँगल कमी केला नाही."

मी लिहिलं, "तो गोल झाला तेव्हा आपण पावभाजी खात होता."

अर्ध्या तासाने एका काकूंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि खजिनदारांनी लिहिलं, "ग्रुपवर पॉझिटिव्ह राहू या." पुढच्या कार्यक्रमाच्या स्वयंसेवकांच्या यादीतून माझं नाव गळालं. बारा वर्षं मी त्या मंडळाच्या पुरणपोळ्या मोजून ताटात वाढल्या होत्या. सुटका इतकी सोपी असेल, हे आधी माहीत असतं तर आधीच लिहिलं असतं.

ती आणखी तीन मॅच खेळली. एक जिंकली, एक बरोबरीत सुटली, एक हरली. मग पहिलीची मांडी बरी झाली आणि आमची परत बाकावर गेली. ऑक्टोबरात सीझन संपला. समारोपाच्या जेवणाला होस्ट फॅमिलींना बोलावलं होतं. मालकाने पुन्हा कुटुंबाचं भाषण केलं. या खेपेला ते लांबलं, कारण पावभाजी वाट बघत नव्हती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तिला व्हिडिओ कॉल आला. मी जेवणाच्या टेबलावर माझ्या मीटिंगमध्ये, माइक बंद करून. ती स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन उभी. कोच होता आणि आणखी कुणी एक. मला ऐकू आलं ते एवढंच, की क्लब वेगळ्या दिशेने जायचं म्हणतोय. तिने तीन वेळा थँक यू म्हटलं. सहा मिनिटांत कॉल संपला.

"थँक यू कशाला म्हटलंस?" मी ओरडलेच. "काढून टाकलं ना त्यांनी तुला?"

ती म्हणाली, "काकू, तुमच्या ऑफिसात काढतात तेव्हा लोक काय म्हणतात?"

व्हिसावर असताना मला एकदा काढलं होतं. लगेच दुसरी नोकरी शोधा, नाहीतर देश सोडा. मांडीवर तापाने फणफणलेली मुलगी होती. फोन ठेवताना मी म्हटलं होतं, "थँक यू सो मच फॉर द ऑपॉर्च्युनिटी." त्यातल्या 'सो मच'ची मला आजही लाज वाटते. तिने निदान साधं थँक यू म्हटलं.

दुपारी मला कोऑर्डिनेटरचा ईमेल आला. खोली महिनाअखेर रिकामी होईल, आणि सोबत एक फॉर्म: तुमचा अनुभव पाच ताऱ्यांपैकी किती? पुन्हा होस्ट व्हायला आवडेल का? शेवटी अडीचशे अक्षरांत सूचना. मी लिहिलं की खेळाडूला काढताना क्लबने निदान समोर बसून सांगावं, इतकी रीत पाळावी. त्यावर आपोआप आलेलं उत्तर होतं: तुम्ही आमच्या कुटुंबाचा भाग आहात याचा आम्हाला आनंद आहे.

ती गेली तेव्हा आम्ही दोघं दारात उभे होतो. नवऱ्याने डझनभर उकडलेली अंडी आणि थालीपिठं बांधून दिली, आणि नेब्रास्कापर्यंत तिने ती पुरवली. हिवाळाभर ती वडिलांबरोबर धान्याच्या ट्रकवर होती. जानेवारीत तिचा फोन आला. फिनलंडमधल्या एका छोट्या गावाच्या क्लबने तिला घेतलं होतं. "एक नंबरची," ती म्हणाली, आणि पुढे घाईने म्हणाली, "त्यांच्याकडे दुसरी नाहीच आहे." आता शनिवारी सकाळी आम्ही तिच्या मॅच लॅपटॉपवर बघतो. चित्र अडकत अडकत येतं, समालोचन कळत नाही. बऱ्याचदा हरतात. आमची मुलगी तिच्या हॉस्टेलवरून तीच मॅच बघते आणि मध्ये मध्ये आम्हाला मेसेज करते.

इकडे पुढच्या वर्षी मालकाने क्लब विकला. नवा मालक तो दुसऱ्या राज्यात घेऊन चालला होता. आणि मग आमच्या मराठी लोकांचं काळीज फाटलं. ज्यांनी दोन वर्षं क्लबचं नाव ऐकलं नव्हतं आणि मग एकदा अर्धी मॅच बघितली होती, ते 'आपल्या मुलींच्या प्रेरणेचं काय' म्हणून लिहायला लागले. एक पिटिशन निघालं. अध्यक्षांनी मला फोन केला, वर्षभराने.

"ताई, तुमचा क्लबशी जवळचा संबंध. सही तर कराच, पण वर दोन शब्दही लिहून द्या. एखाद्या खेळाडूबद्दल, मनाला भिडेल असं."

मी विचारलं, "कुठल्या खेळाडूबद्दल?"

"कुठलीही. ती... तुमच्याकडे होती ना, उंच."

"तिला क्लबने केव्हाच काढलं. ती फिनलंडला असते."

"असं?" ते म्हणाले. "मग तिचं नको. निगेटिव्ह जाईल."

मी त्यांना दोन शब्द लिहून दिले नाहीत. सही मात्र केली. क्लबसाठी नाही आणि मालकासाठी तर नाहीच. त्या हंगामात अजून वीस-बावीस मुली या गावातल्या बेसमेंटांत राहत होत्या, आणि त्यांना पुन्हा बॅगा भराव्या लागू नयेत, एवढंच मनात होतं. पिटिशनवर चारशे सह्या झाल्या. त्याचा काहीही उपयोग झाला नाही. मेमध्ये कॉलेजने मुलींच्या स्वप्नांची ती भिंत पांढरी रंगवली.